गुणगुणायला मनाई

आमच्या थिएटरात हल्ली कोणी बोलत नाही, असं मी म्हटलं की लोकांना वाटतं नाटक बंद पडलं. नाटकाचं थिएटर नव्हे हो, ऑपरेशनचं. मग त्यांना वाटतं, आत भांडणं झाली असतील. भांडणं होती तेव्हा फार बरं चाललं होतं!

मी हेमांगी आगटे. भूलतज्ज्ञ. साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलात अर्धं आयुष्य पेशंटच्या उशाशी बसून काढलंय. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या छातीवर एक हिरवा पडदा आडवा धरलेला असतो. पडद्याच्या अलीकडे पेशंटचं डोकं आणि मी, पलीकडे पोट आणि सर्जन. माझ्या पलीकडे इतकी वर्षं एकच माणूस उभा राहिला, डॉक्टर रणधीर निकम. टोपी आणि मास्कच्या मधे दोन डोळे दिसायचे, बाकी काही नाही. पण ऐकू मात्र सगळं यायचं. मुख्य म्हणजे त्यांचं गाणं.

त्याला गाणं म्हणणं हा माझा मोठेपणा. निकमांचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्या मंडळाची एक चाल लहानपणीच यांच्या डोक्यात घर करून बसली होती. चाकू हातात आला की चाल सुरू. निम्मा वेळ नुसतं गुणगुणणं, आणि मधेच शब्द यायचे, तेही त्या क्षणाला सुचतील तसे.

"दोरा बारीक द्या होऽ साळवेबाई, जाड दोरा गोणीलाऽ"

साळवे सिस्टर हत्यारांच्या ट्रॉलीमागून म्हणायच्या, "सर, पेशंट झोपलाय म्हणून तुमचं चालतंय. जागा असता तर टाक्यांसकट पळाला असता."

"पेशंटला झोपवायची जबाबदारी मॅडमची. काय हो मॅडम?"

"झोपवलंय मी, पण तुमच्या आवाजाची हमी देत नाही," मी म्हणायची.

शेवटचे टाके सुरू झाले की त्याच चालीत एक ओळ यायची, "झालं आता, चहा सांगाऽ." तेवढ्यावर सगळ्यांना कळायचं. सिस्टर रक्त टिपलेले गॉजचे तुकडे मोजायला घ्यायच्या, मी औषध कमी करत आणायची, आणि बाहेर डॉक्टरांच्या खोलीत दोन कप चहा येऊन पडायचा. एक त्यांचा, एक माझा.

खरं सांगू? ते गुणगुणणं हा माझा सगळ्यात भरवशाचा मॉनिटर होता. ते चालू म्हणजे पलीकडे सगळं ठीक. ते थांबलं की मी पडद्यावरून डोकावायच्या आधीच रक्ताची पिशवी मागवायची. असं कित्येकदा झालं, आणि प्रत्येक वेळी ते एवढंच म्हणायचे, "मॅडमना कसं कळतं कोण जाणे!" त्यांना कळतंय हे मला कळायचं. पुढे कोणीच काही बोलायचं नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, मी चिडते.

मग आमच्याकडे 'दुवा' आला.

दुवा म्हणजे गळ्याला लावायची एक पातळ पट्टी आणि कानात एक बटणाएवढं यंत्र. कल्पना चांगली होती, हे मी आजही मान्य करते. ऑपरेशनमध्ये घोटाळे होतात ते पुष्कळदा चाकूमुळे नव्हे, तोंडामुळे. कोणीतरी पाहिलेलं असतं पण बोलत नाही. कोणी बोलतं तर यंत्रांच्या आवाजात ऐकू जात नाही. नवा डॉक्टर मोठ्या सर्जनपुढे तोंड उघडायला घाबरतो, आणि वाचू शकणारा माणूस उगाच जातो.

आता असं बघा, आपण बोलायचं ठरवलं की आवाज निघायच्या आधी मेंदू गळ्यातल्या बारीक स्नायूंना हुकूम सोडतो. शब्द आपण गिळला तरी हुकूम सुटलेलाच असतो. ही पट्टी तो हुकूम पकडते, आणि ज्याला सांगायचंय त्याच्या कानात, बोलणाऱ्याच्याच आवाजात, स्वच्छ वाक्य पोचवते. पहिल्याच महिन्यात आमच्या रेवा कुंभारने, म्हणजे निकमांच्या हाताखालच्या डॉक्टरने, भीतीपोटी एक वाक्य गिळलं. दुव्याने ते निकमांच्या कानात घातलं, "सर, ही पित्ताची नळी वाटतेय, कापू नका." ती नळीच होती. पेशंट वाचला. निकमांनी त्या दिवशी रेवाला स्वतःच्या हाताने पेढा भरवला.

दुव्याची दुसरी करामत म्हणजे तो अर्धं वाक्य पुरं करायचा. जुना नोकर मालकाने नुसतं "अरे, ते" म्हटलं की चष्मा आणून देतो ना, तसंच. ऑपरेशन कुठल्या टप्प्यावर आहे, या टप्प्यावर हा माणूस एरवी काय म्हणतो, हे सगळं त्याला पाठ. दोन अक्षरं मिळाली की पुढचं तो घालायचा.

एक नियम मात्र होता. थिएटरच्या दारावर पाटीच लावली होती, 'गुणगुणण्यास मनाई आहे.' गुणगुणल्याने तेच स्नायू थरथरत राहतात आणि पट्टीला काही उमगत नाही.

पाटी वाचून निकम हसले. "म्हणजे आमच्या भजनी मंडळाला हद्दपारी!" एवढं म्हणून त्यांनी मुकाट्याने पट्टी बांधली. थिएटर गप्प झालं ते त्या दिवसापासून. ओठ मिटलेले, हात चाललेले, आणि प्रत्येकाच्या कानात ज्याचं त्याचं काम. चुका कमी झाल्या, ऑपरेशनं लवकर आटपायला लागली. बाहेरगावचे लोक बघायला येऊ लागले. मला मात्र पडद्याअलीकडे बसून त्या चालीची इतकी आठवण यायची, की घरी भांडी घासताना ती माझ्याच तोंडात यायची. मला गाता येत नाही, भांड्यांनीसुद्धा दाद दिली नाही.

नंतर नंतर निकम थिएटरबाहेरही बोलेनासे झाले.

आधी चहावर तासभर गप्पा चालायच्या. शाळा, पाऊसपाणी, यवतेश्वरच्या घाटात पडलेली दरड, हॉस्पिटलचे ट्रस्टी, कशावरही. आता चहा यायचा, ते बशीत ओतायचे, प्यायचे, आणि निघायचे. मी काही विचारलं तर "हं." फार झालं तर "बघू." फोन केला तर उचलायचे नाहीत. मी म्हटलं, माझं काही चुकलं का? बरं, चुकलं तर सांगावं ना माणसाने! मनातल्या मनात मी त्यांच्याशी इतकी भांडले, की प्रत्यक्षात भेटल्यावर मला दम लागलेला असायचा.

आणि गंमत बघा, थिएटरात त्यांचं बोलणं पूर्वीपेक्षा गोड झालं होतं. कानात त्यांचाच तो जरा घोगरा आवाज यायचा, "मॅडम, आज फार छान झोपवलंत." कधी, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असतो." आधीच्या सगळ्या वर्षांत हे त्यांनी कधी उघड म्हटलं नव्हतं. मी ती वाक्यं घरी घेऊन जायची. आमटीला फोडणी घालताना आठवायची. या वयात! हो, या वयात. माझा जीव होता त्या माणसावर, आणि हे आता लपवून तरी काय करायचंय? मी बाहेरच्या "हं"कडे काणाडोळा करायची आणि कानातल्या वाक्यावर आठवडा ढकलायची.

त्याच सुमारास मला नागपूरहून विचारणा आली. नव्या भूलतज्ज्ञांना शिकवायचं, राहायला घर, मान मोठा. माझी बहीणही तिकडेच असते. जाण्यासारखं होतं. थांबण्यासारखं कारण एकच होतं, आणि ते बशीतून चहा पीत समोर बसलं होतं.

"मला नागपूरला बोलावलंय," मी म्हटलं. "कायमचं. जाऊ का?"

निकमांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, कपाळावर आठी पडली, मग नजर खिडकीकडे गेली.

"हं," ते म्हणाले.

आणि चहा अर्धा टाकून उठून गेले.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! इतकी वर्षं एका पडद्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो, आणि एक 'जा' किंवा एक 'नको' या माणसाला जड व्हावं? मी ठरवलं, सोमवारचं मोठं ऑपरेशन उरकलं की नागपूरला होकार कळवायचा. मेला तो चहा आणि मेली ती चाल.

सोमवारी वाईच्या शाळेतल्या एक बाई टेबलावर होत्या. यकृतात गाठ होती, ती काढायची होती. अशा ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून शिरांमधला दाब मी मुद्दाम कमी ठेवते. त्यात एक धोका असतो. मोठ्या शिरेला भोक पडलं तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. ती हवा हृदयात जाऊन अडकली की माणूस तिथल्या तिथे संपतो. बाहेर एक थेंब रक्त दिसत नाही, त्यामुळे समोर उभ्या असलेल्यालाही पटकन कळत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझ्या मॉनिटरवर श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा घसरायला लागला. त्याची कारणं बरीच असतात. कानात निकमांचा शांत आवाज आला, "सगळं ठीक आहे. दाब असाच राहू दे." म्हणजे पलीकडे काही नाही, माझ्याच नळ्यांत कुठे गळती असेल, असं समजून मी नळ्या तपासायला लागले. आकडा आणखी उतरला. कानात पुन्हा, "छान चाललंय, मॅडम. दाब असाच राहू दे."

काय वाटलं कोण जाणे, मी उठून पडद्यावरून बघितलं.

निकमांचा हात थांबलेला होता. दोन बोटं यकृतामागे घट्ट दाबून धरलेली. आणि ते माझ्याकडे बघत होते. मास्कवरचे ते दोन डोळे मी जन्मभर बघितलेत. ते डोळे 'छान चाललंय' म्हणत नव्हते. ते ओरडत होते. आणि माझ्या कानात तोच मधाळ आवाज म्हणत होता, "सगळं ठीक आहे."

मी कानातलं यंत्र उपटून फेकलं. "निकम! तोंडाने बोला! काय झालंय?"

"ते..." मास्क आत-बाहेर झाला. "ते... आपलं... ते गेलं... आत..."

थिएटरात कित्येक महिन्यांनी माणसाचा खरा आवाज उमटला होता, आणि त्याला शब्द सापडत नव्हता. पण मला तो मिळाला. हवा!

"रेवा, पोटात सलाईन ओत, भरपूर! सरांची बोटं हलू देऊ नकोस! सिस्टर, टेबल डोक्याकडून खाली!" मी सगळी भूल बंद करून नुसता ऑक्सिजन सुरू केला, आणि मानेच्या शिरेतल्या नळीतून सिरिंजने हवा ओढायला लागले. फेसाळ रक्त आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा फेस. साळवे सिस्टर मोठ्याने प्रार्थना करत होत्या आणि कोणी त्यांना गप्प करत नव्हतं. मग हळूहळू तो आकडा वर सरकला.

निकमांनी भोक शिवलं. हात अगदी पूर्वीसारखे, एक टाका इकडचा तिकडे नाही. मग त्यांनी सुई ठेवली, रेवाला खुणेने आपल्या जागी बोलावलं, गळ्यावरची पट्टी काढली आणि ते बाहेर गेले. राहिलेलं काम रेवाने केलं. वाईच्या बाई आता पुन्हा शाळेत शिकवतात.

डॉक्टरांच्या खोलीत ते भिंतीशी बसले होते. मी समोर कप धरला.

"हे काय आहे?"

त्यांनी कपाकडे बघितलं. "ते... पिण्याचं. आपण... रोज." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले. माझ्या काळजात चर्र झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, कुठेतरी हलकंही वाटलं होतं. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं असं नव्हतंच मुळी.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं. मेंदूच्या डाव्या बाजूला शब्दांचं कोठार असतं, ते हळूहळू रिकामं होण्याचा आजार. बुद्धी शाबूत, हात शाबूत, समोरच्याचं सगळं समजतं, फक्त शब्द ओठांपर्यंत पोचत नाहीत. "चालीची, सुरांची जागा बहुतेक उजवीकडे असते," ते म्हणाले, "ती काही वर्षं टिकेल. बाकी आमच्या हातात फार नाही." त्या वेळी मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

निकमांना आजाराची सुरुवात केव्हाच कळली होती. लाजेने ते बाहेर गप्प राहायला लागले होते. थिएटरात मात्र सगळी कामं बिनबोभाट व्हायची, म्हणून त्यांना वाटायचं, निदान इथे तरी आपल्याला बोलता येतं. दुव्याने कोणाच्या कानात काय घातलं, हे बोलणाऱ्याला ऐकू येत नाही ना!

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. कंपनीच्या इंजिनीअर बाईंना मी फोन लावला. त्या चांगल्या होत्या, काही लपवलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, गेल्या काही महिन्यांत सरांकडून मिळणारे शब्द कमी होत गेले. सिस्टीम त्यांच्या जुन्या सवयीवरून वाक्यं भरत गेली. त्या दिवशीही तेच झालं. त्या टप्प्यावर ते नेहमी जे म्हणायचे, तेच तिने म्हटलं."

"आणि ती... छान झोपवलंत वगैरे?"

त्या म्हणाल्या, "सिस्टीम टीमचा ताण कमी ठेवायचा प्रयत्न करते. त्या वाक्यांनंतर तुमच्या नाडीचे ठोके सावकाश व्हायचे, असं तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती अधूनमधून घालायची."

मी फोन ठेवला. म्हणजे एवढे महिने मी ज्यावर जगत होते, ते वाक्य माझ्याच नाडीने मागवलेलं होतं! मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा रडले.

नागपूरच्या लोकांचा फोन आला, मी दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी निकमांच्या घरी गेले. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून. मला बघून उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं, आणि उभ्याउभ्याच सुरू झाले. "मला सगळं कळलंय. त्या यंत्राने मला काय काय ऐकवलं ते तुम्हाला माहीत नाही, ते जाऊ दे. मी तुमच्याशी वर्षभर मनात भांडले, तेही जाऊ दे. पण मला एक, फक्त एक वाक्य तुमचं हवंय. मोडकं असलं तरी चालेल. मी जाऊ की राहू?"

त्यांनी तोंड उघडलं. "ते... तुम्ही... ते..." मानेच्या शिरा ताठ झाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे धरले. मला बघवेना.

"राहू द्या," मी म्हटलं. "मी चहा टाकते."

स्वयंपाकघर मला नवं नव्हतं. आधण ठेवलं, साखर शोधली, आलं किसलं. डोळे सारखे भरून येत होते, ते पदराला पुसत होते. मनात म्हटलं, हा चहा पाजायचा आणि निघायचं. कोणाचा जीव असा पिळून उत्तर मागायचा आपल्याला काय हक्क?

आणि गॅलरीतून ती चाल आली.

आधी नुसतं गुणगुणणं. घोगरं, नेहमीसारखं जरा वरच्या पट्टीत निसटणारं. गळ्याची पट्टी सुटून इतके दिवस झाले होते, तरी बिचारे त्या पाटीला घाबरून गप्पच होते की काय! मी गाळणी हातात धरून जिथल्या तिथे उभी राहिले. चाल एकदा पुरी झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि या खेपेला तिच्यात शब्द आले. एकामागून एक, कुठेही न अडखळता.

"झालं आता, चहा सांगाऽ," ते गात होते, "नागपूरलाऽ जाऊ नको."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

मी गॅलरीच्या दारात गेले. ते गाता गाता माझ्याकडे बघत होते, तेच दोन डोळे, पण खाली मास्क नव्हता. गाल ओले झाले होते. "जाऊ नकोऽ, जाऊ नको," एवढंच परत परत. थांबलं तर शब्द पळून जातील, म्हणून ते थांबत नव्हते.

मी आयुष्यात कधी कोणासमोर गायले नाही. आवाज फाटला, सूर तर कुठच्या कुठे गेला, पण त्याच चालीत म्हटलं, "नाही जातऽ, नाही जात."

आत चहा उतू जाऊन गॅस विझला, तो वास आल्यावर मी बंद करायला धावले. ते गातच होते.